दिवा लावणार असाल, तर आधी पायरी बघा

अमेरिकेत यंदा पहिलं घर घेतलेल्या मराठी घरमालकांस खुलं पत्र

मध्य न्यू जर्सी, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा



घर घेतल्याबद्दल अभिनंदन. वास्तुशांत झाली असेल, गॅरेजमध्ये न उघडलेली खोकी अजून पडली असतील आणि लॉन कापायचं यंत्र घ्यायचं की माणूस लावायचा यावर घरात दोन मतं असतील. त्यात मी आणखी एक काम गळ्यात घालायला बसलोय. 31 ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोविनच्या, संध्याकाळी तुमच्या दारात अनोळखी मुलं येणार आहेत. अपार्टमेंटमध्ये होतात तेव्हाही दहा-बारा आली असतील, पण ती लिफ्टने वर आली, उजेडाच्या पॅसेजमधून चालली आणि त्या पॅसेजची काळजी दुसऱ्या कुणाला तरी होती. आता पायवाट तुमची आहे, तीन पायऱ्या तुमच्या आहेत, ड्राइव्हवे तुमचा आहे आणि त्यावरचा अंधारही तुमचाच.

मला हे कळायला दहा वर्षं आणि एक ड्रॅगन लागला.

2016 साली कालनिर्णयात 31 ऑक्टोबरला पाडवा होता. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालेलं, त्यामुळे घर सजलेलंच होतं. पोर्चच्या छताला आकाशकंदील, पायऱ्यांच्या दोन्ही कडांना पणत्या, खाली सिमेंटवर रांगोळी. हॅलोविनसाठी निराळं काही करायची गरजच वाटली नाही. एक भोपळा कोरून ठेवला आणि चॉकलेटचं पातेलं घेऊन दाराशी बसलो. पोर्चच्या बाहेरचं सॉकेट बंद पडलं होतं, म्हणून आकाशकंदिलाची वायर मी गॅरेजमधून आणली होती. गॅरेजच्या दाराखालून, पायवाटेवरून आडवी, पलीकडच्या झुडपात, तिथून खांबावरून वर. हिरवी वायर. उठून दिसू नये म्हणून मुद्दाम हिरवी घेतलेली. पायवाटेवर जिथे ती आडवी जात होती तिथे मी वरून एक पायपुसणं टाकलं आणि काम झालं असं मनाशी म्हटलं.

सव्वासहाच्या सुमारास ड्रॅगन आला. पाचेक वर्षांचा असेल. पाठीला जाळीचे हिरवे पंख आणि मागे कापूस भरलेली, त्याच्या उंचीपेक्षा लांब शेपूट. त्याने एकच चॉकलेट उचललं, मी आणखी दोन टाकली, तो हसला आणि साइडवॉकवर उभ्या असलेल्या आईकडे पळत सुटला. पायपुसणं वायरीवर सरकलं, त्याच्याबरोबर तोही, आणि पाय वायरीत. हनुवटीवर पडला. वर आकाशकंदील एकदा डुलला आणि विझला.

मटारची गोठलेली पिशवी मी आणली, आईने ती हनुवटीला धरली. ती मला एक शब्द वावगा बोलली नाही, उलट "होतं असं" म्हणून माझीच समजूत घालत राहिली. तीन टाके पडले, हे दुसऱ्या दिवशी कळलं. पण माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही ती त्या रात्रीची शेवटची पणती. त्याचं डोकं जिथे टेकलं तिथून ती वीतभर अंतरावर होती. पेटलेली. आणि पंख नायलॉनचे.

तोवर मीही इतरांसारखाच या रात्रीकडे उलट्या बाजूने बघत होतो. कुणी दारावर अंडी फेकेल का, कॅमेरा चालू आहे ना, मोठी पोरं धिंगाणा घालतील का. इथे न्यू जर्सीत 30 तारखेच्या रात्रीला तर 'मिस्चिफ नाइट' असं नावच आहे. झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या भिरकावणं हा तिचा सौम्य प्रकार. त्यामुळे नवा घरमालक घर सांभाळायच्या तयारीला लागतो. त्या संध्याकाळी सांभाळायची असतात ती मुलं, आणि तीही आपल्याच घरापासून.

ही गोष्ट खरं तर मला ठाऊक असायला हवी होती. मी सिंधुदुर्गातला. शिमग्यात आम्ही पोरं तोंडाला रंग फासून, आईचं जुनं लुगडं गुंडाळून "शबय, शबय" करत दारोदार पैसे मागत फिरायचो. कुणी चार आणे द्यायचं, कुणी नारळ, कुणी शिव्या. आमची आजी त्या दिवसांत तिन्हीसांजेला दोन कामं न चुकता करायची. कुत्रा मागच्या पडवीत बांधायची आणि कंदील ओट्यावरून उचलून खाली खळ्यात, वाट जिथे वळते तिथे आणून ठेवायची. ओट्यावर मग अंधार. आजोबा कुरकुरायचे, कारण त्यांना पान लावताना दिसायचं नाही. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. चाळीस वर्षांनी, मटारची पिशवी हातात धरून उभा असताना आठवलं.

आता विषाचं आधी उरकतो, कारण 15 ऑक्टोबरपासून तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तेच फिरणार आहे. सफरचंदात ब्लेड, चॉकलेटात सुई, गोळीत अमली पदार्थ. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी 1958 पासूनच्या अशा बातम्यांचा माग काढला आहे. अनोळखी माणसाने दारात वाटलेल्या खाऊमुळे मूल दगावल्याची किंवा गंभीर जखमी झाल्याची एकही सिद्ध घटना त्यांना सापडलेली नाही. सगळ्यात गाजलेलं प्रकरण 1974 चं, टेक्ससमधल्या डीअर पार्कचं. तिथे आठ वर्षांचा मुलगा सायनाइडने खरोखर गेला. पण ते विष त्याच्या बापानेच, रोनाल्ड क्लार्क ओब्रायन याने, विम्याच्या पैशांसाठी घातलं होतं. संशय दुसऱ्यावर जावा म्हणून त्याने तसलाच विषारी खाऊ आणखी चार मुलांनाही दिला, नशिबाने त्यांनी तो खाल्ला नाही. 1984 मध्ये त्याला मृत्युदंड झाला. मधल्या काळात, 1982 च्या शरदात, शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं, सात माणसं गेली, आणि महिन्याभरावर आलेल्या हॅलोविनची सगळ्या देशाने धास्ती घेतली. काही रुग्णालयं मुलांच्या पिशव्यांचे एक्स-रे काढून द्यायची. ती भीती अजून उतरलेली नाही.

तिचा तुमच्यापुरता अर्थ एवढाच, की घरी केलेलं काही देऊ नका. मला माहीत आहे, दिवाळीच्या आसपास घरात बेसनाचे लाडू आणि चकल्या असतात आणि बाजारचं चॉकलेट द्यायला हात जड होतो. माझ्या बायकोने पहिल्या वर्षी छान कागदी पुड्यांत शंकरपाळे बांधून दिले होते. सकाळी कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात त्यातल्या चार पुड्या मिळाल्या. तिला वाईट वाटलं, पण त्या आया काही दुष्ट नव्हत्या. कंपनीचं वेष्टन नसलेली वस्तू टाकून द्यायची, हे त्यांना लहानपणापासून सांगितलेलं असतं. शिवाय लाडवात काजू. या देशात साधारण तेरा मुलांमागे एकाला कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाची अ‍ॅलर्जी आहे, म्हणजे शाळेच्या एका वर्गात दोघं. त्यांच्यासाठी दाराशी निळसर-हिरवा, ज्याला इथे 'टील' म्हणतात त्या रंगाचा भोपळा ठेवायची पद्धत 2014 पासून देशभर रुजली: या घरी खाऊशिवायही काही मिळेल, अशी खूण. आम्ही एका वेगळ्या वाडग्यात पेन्सिली, खोडरबर, अंधारात चमकणाऱ्या बांगड्या ठेवतो. बांगड्या सगळ्यांत आधी संपतात, आणि मुलाने मनगटात घातली की गाडीवाल्यालाही ते मूल दिसतं.

गाडीवाला. बोलायचं तर त्याच्याबद्दल बोलायला हवं, आणि तो गटावर कुणी फॉरवर्ड करत नाही. 'जामा पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या 1975 ते 2016 या 42 वर्षांच्या अपघातांचा हिशेब मांडला होता. हॅलोविनच्या संध्याकाळी पाच ते मध्यरात्र या वेळात गाडीखाली किती पादचारी गेले, आणि बरोबर आठवडाभर आधी व नंतरच्या तशाच संध्याकाळी किती, अशी तुलना. हॅलोविनला पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका 43 टक्क्यांनी जास्त निघाला. चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तो दहापट. हे वय लक्षात घ्या. एवढ्या मुलाचं डोकं उंच गाडीच्या बॉनेटच्या वर जेमतेम येतं.

2007 पासून इथली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, आधी ती ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जायची. त्यामुळे हॅलोविनला संध्याकाळचा एक तास उजेड जास्त मिळतो. आमच्याकडे सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो. चार-साडेचारला बाबागाड्यांतली, आईबापांच्या कडेवरची मंडळी येतात, सहा ते साडेसात हा खरा लोंढा, आणि आठनंतर उंच, आवाज फुटलेली, मुखवटा नावापुरता लावलेली पोरं. म्हणजे गर्दी आणि तिन्हीसांज एकाच वेळी. त्यात तुम्ही ऑफिसातून याल ते नेमके सहाला.

म्हणून त्या दिवशी पाचच्या आत घरी या, नाही तर आठनंतर या. गाडी गॅरेजमध्ये घाला. रस्त्याच्या कडेला लावू नका, कारण दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून मूल रस्त्यावर येतं तेव्हा ते कुणालाच दिसत नाही. ड्राइव्हवेतून मागे घ्यायची वेळ आलीच, तर घरातलं एक माणूस मागे उभं करा. मागचा कॅमेरा दाखवतो ते मागचं. बाजूने झेपावत येणारी परी त्याला उशिरा दिसते. मी तर त्या संध्याकाळी किल्ल्याच बायकोकडे देऊन टाकतो. दूध संपलं, कोथिंबीर नाही, असली कारणं तेव्हाच सुचतात.

पायवाटेसाठी आदल्या रात्रीचा अर्धा तास काढा. एक मुखवटा आणा, प्लास्टिकचा, दोन भोकांचा. रात्री आठला तो लावून साइडवॉकवरून स्वतःच्याच दारापर्यंत चालत या. शेजारी बघतील, बघू दे. समोरचं नीट दिसतं, पण हनुवटीच्या खालचं जग नाहीसं होतं. पायरी कुठे सुरू होते ते पायानेच कळतं. मग गुडघ्यांवर बसा आणि तेवढ्या उंचीवरून पुन्हा एकदा बघा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला माझ्या घराची ओळख नव्याने झाली. मेपलच्या मुळाने पायवाटेची एक लादी दीड इंच उचलली होती. रोज ये-जा करणाऱ्या माझ्या पायांना ते पाठ होतं, म्हणून डोळ्यांनी कधी बघितलंच नव्हतं. पोर्चचा दिवा दाराच्या वर, म्हणजे दारात उभ्या माणसाच्या तोंडावर उजेड आणि पायऱ्या त्याच्याच सावलीत. पाण्याचा नळा उन्हाळ्यापासून गवतात पडलेला. ओल्या पानांचा थर, जो दिवसा सुंदर दिसतो आणि रात्री शेवाळासारखा निसटतो. आणि दाराशी चपला-बुटांचा ढीग.

हा ढीग खास आपला. अमेरिकन माणसाच्या दाराशी तो नसतो, त्यामुळे अमेरिकन मुलाला तो अपेक्षितही नसतो. त्या दिवशी सगळ्या चपला आत घ्या.

दुसरी खास आपली गोष्ट रांगोळी. सिमेंटवर पडलेली रांगोळी म्हणजे बारीक वाळू. तिच्यावर राजकन्येच्या प्लास्टिकच्या टाचा कशा फिरतात हे एकदा बघितलं, की दुसऱ्यांदा बघवत नाही. दिवाळी त्याच सुमाराला आली तर रांगोळी जरूर काढा, पण वाटेच्या बाजूला, गॅरेजसमोर. 2024 साली तर लक्ष्मीपूजन इथल्या बहुतेक घरांत थेट 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळीच आलं. एकीकडे आरती, दुसरीकडे दर मिनिटाला बेल. आम्ही पणत्या खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर मांडल्या, काचेतून त्या रस्त्यावर दिसत होत्या. पायऱ्यांवर बॅटरीच्या. मला बॅटरीच्या पणत्या आवडत नाहीत, त्यांची ज्योत खोटं हलते, आणि तेलाचा वास नसलेली दिवाळी मला दिवाळी वाटत नाही. पण पायऱ्यांवर त्याच. भोपळ्यातही तोच दिवा; मेणबत्तीच लावायची हौस असेल तर भोपळा वाटेपासून दूर, उंच ठेवा. हॅलोविनचे तयार पोशाख म्हणजे झगे, पंख, लोंबणाऱ्या बाह्या, आणि कापड बहुतेक पॉलिस्टर-नायलॉन. दसऱ्याचं तोरणही त्याआधी उतरवून टाका. तोवर त्यातली आंब्याची पानं आणि झेंडू पापडासारखे कडक झालेले असतात. शेजारी बघून तुम्हीही मक्याची वाळकी धाटं आणि गवताची गाठोडी आणून पोर्च सजवला असेल, तर त्याच्या आसपास ज्योत नको.

वायरींचं मी काय सांगणार. वाटेवरून आडवी एकही नको, एवढं माझ्या तोंडून ऐका. पायपुसण्याखाली तर मुळीच नको. बाहेरच्या वायरी बाहेरच्याच कामासाठी बनवलेल्या असाव्यात आणि ओल लागताच वीज तोडणाऱ्या, चाचणीचं बटण असलेल्या सॉकेटला लावाव्यात. हल्ली हवा भरलेली दहा-दहा फुटी भुतं मिळतात. त्यांना ताणलेल्या दोऱ्या आणि जमिनीतल्या खुंट्या वायरीहून वाईट. धुराचं यंत्र पायऱ्यांपाशी ठेवू नका, त्याचा ओलसर थर लादीवर बसतो. झगमग लुकलुकणारे दिवेही टाळा, काही मुलांना त्याने फिट येते.

आता एक दार. भारतात आपलं दार आत उघडतं. इथे त्याच्या बाहेर आणखी एक काचेचं हलकं दार असतं, स्टॉर्म डोअर, आणि ते बाहेर उघडतं. पोर्च चार फुटी, त्यावर चार मुलं, आणि तुम्ही आनंदाने दार ढकलता. मागच्या मुलाला मागे सरकायला पायरीच नसते. ते दार त्या संध्याकाळी पूर्ण उघडून अडकवून ठेवा. त्याहून सोपं म्हणजे तुम्हीच बाहेर येऊन बसा. 2020 च्या कोविडच्या वर्षी लोकांनी ड्राइव्हवेच्या तोंडाशी टेबलं मांडली, कुणी जिन्याच्या कठड्याला प्लास्टिकचा पाइप बांधून त्यातून चॉकलेटं घरंगळत सोडली. साथ गेली, पण आमच्या गल्लीत टेबलं राहिली. मी घडीची खुर्ची, शाल आणि थर्मासमध्ये चहा घेऊन साइडवॉकपाशी बसतो. पायरीचा प्रश्नच निकालात निघतो. गल्लीतली माणसं त्या एका संध्याकाळी जेवढी भेटतात तेवढी वर्षभरात भेटत नाहीत.

कुत्रा असेल तर तो मागच्या खोलीत, दार लावून. तुमचा मोती कितीही गुणी असो, दर मिनिटाला बेल आणि दर वेळी दारात नवा राक्षस, हे त्यालाही झेपत नाही. घराच्या विम्यात लायबिलिटीचं एक कलम असतं, दुसऱ्याला तुमच्या आवारात इजा झाली तर उपयोगी पडणारं. कुत्रा चावल्याचे दावे त्यातच येतात, पण काही कंपन्या ठरावीक जातींची कुत्री त्यातून वगळतात. पॉलिसीचं ते पान एकदा वाचून ठेवा. मी ते ड्रॅगन पडल्यावर वाचलं.

भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांच्याशी आधी बोला. त्या रात्री दार उघडायची सगळ्यांत जास्त हौस त्यांनाच असते. माझी आई पहिल्या वर्षी प्रत्येक मुलाला "ये, आत ये, बस" म्हणत होती. आपल्याकडे दारातून परत पाठवणं अपमानाचं. इथे अनोळखी घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा मुलांचा पहिला नियम. एक चिमुरडी तिच्या आग्रहाने आत आली आणि बाहेर तिच्या बापाचा चेहरा पांढरा पडला. गाल ओढणं, कडेवर घेणं, फोटो काढून कोल्हापूरला पाठवणं, हेही नको. आणि कुठलं मूल 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणालं नाही तर अडवू नका. काही मुलं बोलत नाहीत, त्यांची आई मागून बघत असते, आणि तो एक मिनिट तिला फार मोठा जातो.

उंच पोरांचंही तसंच. व्हर्जिनियातल्या चेसापीक शहरात बारा वर्षांवरच्यांनी दारोदार फिरणं चक्क गुन्हा होता, तुरुंगाच्या तरतुदीसह. 2019 मध्ये त्यांनी वय चौदा केलं आणि तुरुंग काढून टाकला. तुम्ही इतके कडक होऊ नका. पंधरा वर्षांचा मुलगा चादर पांघरून चॉकलेट मागायला येतो, म्हणजे त्या संध्याकाळी तो त्याहून वाईट काही करत नाही.

इथे मला थोडं थांबून एक नाव सांगायचंय. योशिहिरो हातोरी. जपानहून लुइझियानात शिकायला आलेला सोळा वर्षांचा मुलगा. 17 ऑक्टोबर 1992 ला बॅटन रूज शहरात तो आणि ज्या घरी तो राहत होता तिथला मुलगा हॅलोविनच्या पार्टीला निघाले आणि त्याच रस्त्यावरच्या चुकीच्या घराची बेल वाजवली. हातोरीने पांढरा सूट घातला होता, 'सॅटर्डे नाइट फीव्हर'मधल्या जॉन ट्रॅव्होल्टासारखा. घरातली बाई घाबरली, तिने नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. तो दारात येऊन "फ्रीज" असं ओरडला. हातोरी, पार्टीचं घर सापडलं अशा समजुतीत, हसत पुढे आला. एक गोळी. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. पुढे दिवाणी खटल्यात न्यायालयाने हातोरीच्या आईबापांना साडेसहा लाख डॉलर द्यायला सांगितले. आईबापांनी जपानात बंदुकांविरुद्ध लाखो सह्या गोळा केल्या आणि 1993 मध्ये ते राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना भेटले.

ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे म्हणून सोडून द्यावी, तर 2023 च्या एप्रिलमध्ये कॅन्सस सिटीत धाकट्या भावांना आणायला गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने चुकीच्या घराची बेल वाजवली आणि त्यालाही गोळी लागली. तो वाचला.

आपल्यापैकी फार थोड्यांकडे बंदूक असते, मला माहीत आहे. पण गोळी सुटायच्या आधी जे मनात चालू होतं, ते आपल्याकडेही असतं. दारावरच्या कॅमेऱ्याने फोनवर टिंग केलं, काळी हुडी दिसली, आणि आपण दिवाणखान्यातला दिवा मालवून श्वास रोखून बसलो, असं माझ्या ओळखीच्या तीन घरांनी केलंय. काहींनी ते चित्र गटावर टाकून "कुणी ओळखतं का यांना?" असं विचारलंय. ती पोरं समोरच्या गल्लीतली, तुमच्या मुलीच्या शाळेतली होती. आणि विसरू नका, आपला कुणाचा तरी मुलगाही असाच दुसऱ्या कुणाच्या तरी दारात उभा असतो, सावळा, उंच, हुडी घातलेला.

यात भाग घ्यायचा नसेल तर तीही सोय आहे. पोर्चचा दिवा बंद ठेवा. दिवा असेल तर या, नसेल तर पुढे जा, एवढा एकच नियम सगळी मुलं पाळतात. फक्त अर्धवट करू नका. दिवा लावून बेलला उत्तर न देणं वाईट, आणि दिवा मालवून वाट काळोखात सोडणं त्याहून वाईट, कारण गवतातून आडवी धावणारी मुलं त्या नियमाची वाट बघत नाहीत. वाटेच्या कडेचे छोटे सौर दिवे चालू राहू देत.

2024 च्या त्या संध्याकाळी, आरती नुकतीच आटोपली होती, मी खुर्चीत येऊन बसलो आणि समोर एक उंच मुलगा उभा राहिला. तेरा-चौदा वर्षांचा, अंगात शाळेचीच हुडी, खांद्यावर उशीचा अभ्रा. बरोबर धाकटी बहीण, मधमाशी झालेली. हनुवटीखाली पांढरी रेघ. त्याने चॉकलेटकडे बघितलंच नाही. आधी पायवाट बघितली, मग झुडूप, मग वर आकाशकंदील.

"वायर कुठाय?" त्याने विचारलं.

"बॅटरी," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, आमच्या टाउनशिपचा बांधकाम तपासनीस हलवतो तशी. मग बहिणीला पुढे केलं.

आपला,
कोपऱ्यावरच्या घरातला शेजारी

ता.क. चॉकलेटं 28 तारखेच्या आत आणा. 30 ला दुकानात फक्त ती काळ्या-नारिंगी कागदातली शेंगदाण्याची टॉफी उरते, आणि ती कुणीच खात नाही.